लिफ्टमागची जागा

नव्वदच्या दशकात दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनजवळच्या एका लायब्ररीत आम्ही नव्या कोर्टाच्या इमारतीचं मॉडेल मांडलं होतं. आर्किटेक्ट म्हणून लोकांना ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. एक बाई रोज लंच अवरमध्ये यायची. कोट काढायची नाही. किल्ल्या मुठीत घट्ट धरून, पाठ भिंतीला लावून, दार दिसेल अशीच उभी राहायची. नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शुक्रवारी ती पहिल्यांदा बोलली. "साक्षीदार कुठे बसणार?"

मी मधला हॉल दाखवला. वर सगळी काच, त्यामुळे दिवसा दिवे नकोत. हवा खेळती, त्यामुळे एसी नको. "सगळे इथेच बसतील. कुठूनही सगळं दिसतं," मी कौतुकानं म्हटलं.

"आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, तो?"

"जामिनावर असेल तर... तोही इथेच."

तेवढ्यात लायब्ररीचं दार उघडलं. ती ताठ झाली. एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचायला आले होते. ते खुर्चीत बसेपर्यंत तिची मूठ सैल झाली नाही. मग तिनं हॉलमधली पुठ्ठ्याची एक छोटी बाई उचलली, मॉडेलवरून सावकाश फिरवली आणि लिफ्टच्या मागे, साफसफाईचं सामान ठेवायच्या खोलीत उभी केली.

"इथे चालेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

आमच्या त्या उजेडानं भरलेल्या इमारतीत अंधारी अशी तेवढी एकच खोली होती.