आमरीचे दोन कंद

आज कुंडीतली माती उकरताना ओला वास आला आणि मला धडगावचा घाट आठवला. कॉलेजच्या सहलीत मी आणि माझी मैत्रीण सुमन गवतात बसून पांढऱ्या रानआमरीच्या, म्हणजे जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडच्या, बुडाची माती बोटांनी बाजूला करत होतो. वडील गेल्यापासून सुमन शिक्षण सोडायचं म्हणत होती.

मुळाशी दोन कंद दिसले, एक सुरकुतलेला आणि एक टपोरा.

“जुन्यानं यंदाचं फूल पोसलं,” मी म्हणाले.

तिनं टपोऱ्यावरून अंगठा फिरवला. “मंग हाऊ पुढला सालना शे!”

तिनं माती हळूच परत लोटली. ती फक्त झाड जपतेय, असं मला तेव्हा वाटलं. परतीच्या जीपमध्ये तिनं सोबत काय आणायचं ते विचारलं, “सोमवारना प्रॅक्टिकलले काय लई येऊ?”