मामूंनी आणलेले अकरा रिव्ह्यू

परवा तळा गावाहून एका मुलीचा फोन आला. कॉलेज संपवून ती घरी बसून लोगो बनवते, आणि ज्या ऑनलाइन बाजारात मी माझं काम विकते तिथंच तिनंही नुकतं अकाउंट उघडलंय. पाच मिनिटं माझं कौतुक करून झाल्यावर ती मुद्द्यावर आली. "दीदी, रिव्ह्यू नाहीत म्हणून कुणी काम देत नाही, आणि काम नाही म्हणून रिव्ह्यू नाहीत. मी तुम्हाला एक छोटी ऑर्डर देते आणि पाच स्टार देते. तुम्ही मला द्या. दोघींचं काम होईल." मी नाही म्हणाले. तिला राग आला, आणि त्यात तिची चूक नव्हती, माझ्या आवाजाला जरा जास्तच धार होती. फोन ठेवल्यावर वाटलं, नुसतं नाही म्हणून भागायचं नाही, कारणही सांगायला हवं. कारण एवढंच, की हीच चूक मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या थाटात केलेली आहे.

आमचं गाव अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. घरात अब्बा, अम्मी, मोठा भाऊ आणि मी. बाजारात अब्बांचं दुकान आहे, होड्यांना लागणाऱ्या सामानाचं. दोर, जाळ्याचा धागा, रंग, खिळे. बाकीचं अर्धं खानदान आखातात. मी बी.कॉम. झाले आणि उरणला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून चुलतभावाच्या ऑफिसात लागले. काम काय, तर बंदरातून येणाऱ्या कंटेनरचे नंबर एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवायचे. दोन वर्षं उतरवले. चूक झाली तर साहेब ओरडायचे आणि नाही झाली तर मी तिथं आहे हेही कुणाच्या लक्षात यायचं नाही.

त्याच दोन वर्षांत मी खराब झालेले जुने फोटो दुरुस्त करायला शिकले. सुरुवात घरच्या फोटोंवर केली. समुद्राच्या दमट हवेत आमच्याकडे एकही फोटो धड राहत नाही. काचेच्या आतून बुरशी चढते आणि नेमके चेहरे खाते. हात बसला तशी मी नोकरी सोडली आणि कॉम्प्युटर घेऊन घरी आले. अब्बा रागावले नाहीत, त्यांनी मुदत घातली. "रमजान ईदपर्यंत बघ. न्हाय जमलं तर परत उरणला जायाचं. तुझ्या भावानं जागा धरून ठेवलीय." मी हो म्हणाले. उरणला परत जायचं नाही, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलेलं होतं.

त्या ऑनलाइन बाजारात माझं पान तयार झालं. त्यावर 'उत्कृष्ट सेवा, जलद सेवा, जगात सर्वोत्तम' असं सगळं मी बेधडक लिहिलं. दोन महिने एकही ऑर्डर आली नाही. मग भावाचं लग्न आलं, आणि लग्नाला दोह्याहून मामू आले.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. दोह्याला एक गोदाम सांभाळतात, आणि खानदानातलं कुठलंही काम अंगावर घेतात, बहुतेक वेळा कुणी न सांगता. वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या दावतीच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मांडवात आडवेतिडवे पसरले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाय, तुझा बाजार कसा चाललाय?"

"चालत न्हाय, मामू. पहिलं गिऱ्हाईकच येत न्हाय."

"पहिलं गिऱ्हाईक? मग आमी कशाला हाव?"

हे समजायला आमची रीत माहीत हवी. आमच्याकडे नवं दुकान निघालं की पहिल्या दिवशीचं गिऱ्हाईक घरचंच असतं. दुआ होते, खजूर वाटतात, आणि मग मामू, चुलते, फुफा सगळे रांगेत उभे राहून नको असलेल्या वस्तू घेतात. अब्बांचं दुकान निघालं तेव्हा, होडी सोडाच, ज्यांनी कधी गळही टाकला नव्हता अशा लोकांनी दोर नेला. एका फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, त्या दोरावर अजून कपडे वाळत घालतात. नव्या दुकानात बरकत यावी म्हणून हे करायचं असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मामूंना माझं दुकान दिसत नव्हतं, पण ते दुकान आहे एवढं कळत होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

अकरा खुर्च्या लागल्या. दोहा, कुवेत, बहारीन आणि एक मुंब्रा. प्रत्येकानं आपापल्या फोनवर खातं उघडलं आणि मला एकेक फोटो पाठवला. नुकत्याच झालेल्या लग्नाचे फोटो, त्यात दुरुस्त काय करणार? मी थोडा उजेड वाढवून परत दिले. रिव्ह्यू मात्र मनापासून आले. एका चाचांनी लिहिलं, मी हिला जन्मापासून ओळखतो. कुवेतच्या खालानं लिहिलं, मुलगी पाच वक्त नमाज पढते. मुंब्र्याच्या भाभीनं माझ्या हातच्या बिर्याणीला पाच स्टार दिले. पुढे बरेच दिवस मी 'मामूंनी केलं' असंच सांगत फिरले, म्हणून इथं खरं लिहिते. मी खुर्च्यांच्या मधोमध बसले होते आणि कुठं दाबायचं ते प्रत्येकाला मीच दाखवत होते. अकराही जण आमच्या घरच्याच वायफायवर होते, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

अब्बा त्यात नव्हते, ते दुकान उघडायला गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना माझे पंचावन्न स्टार दाखवले. त्यांनी खालपर्यंत नावं वाचली. "हे सगळे आपलेच ना?" म्हणाले. मी हो म्हणाले. ते हातपाय धुवायला गेले.

चौथ्या दिवशी अकाउंट बंद झालं. एकाच जागेवरून खोटे रिव्ह्यू दिल्याचं कारण होतं, आणि बाजू मांडायची असेल तर मांडा, असं खाली लिहिलेलं. मी आधी एक लांबलचक पत्र लिहिलं, की ही चार देशांतली वेगवेगळी गिऱ्हाइकं आहेत आणि लग्नाच्या निमित्तानं योगायोगानं एकत्र जमली होती. वाचून पाहिलं आणि माझी मलाच शरम वाटली. ते पुसून टाकलं. दुसरं पत्र पाच ओळींचं झालं. हे माझे नातेवाईक आहेत, आमच्याकडे अशी रीत आहे, कुठं दाबायचं ते मीच दाखवलं, चूक माझी आहे, काम मात्र मला खरोखर येतं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. अकाउंट चालू, रिव्ह्यू सगळे रद्द. पुन्हा असं झालं तर अकाउंट कायमचं बंद, आणि त्याच ओळखपत्रावर दुसरं उघडता येणार नाही. ईदला सहा आठवडे उरले होते.

दुपारी जेवताना अब्बांना सांगितलं. ते काट्यातून मासा सोडवत बसले, आणि मग एरवी बोलत नाहीत इतकं बोलले. "लोक म्हणतात, सगळ्यांनी दोर नेला त्या दिवशी माझं दुकान उघडलं. त्या दिवशी दावत झाली, बाय. दुकान उघडलं त्याच्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. धक्क्याला होडी लावून एक तांडेल आला, कुठल्या बंदराचा कोण जाणे. दोर ताणून बघितला, वास घेतला, नावं ठेवली. आणि घेऊन गेला." उठून हात धुतला आणि बाजारात गेले.

मी त्याच दुपारी माझं पान पुसून नव्यानं लिहिलं. 'जगात सर्वोत्तम' काढून टाकलं. घरचे तीन फोटो लावले, आधीचे आणि नंतरचे, आणि प्रत्येकाखाली त्यात मला काय जमलं नाही तेही लिहिलं. काम हवंय असं जाहीर करणाऱ्यांना रोज पाच पत्रं लिहायची ठरवली. आधी मी एकच मजकूर सगळ्यांना चिकटवायचे. आता समोरच्याचं मागणं दोनदा वाचायचं, त्याच्या फोटोत नेमकं काय बिघडलंय ते सांगायचं, आणि जमणार नसेल तर पत्रच पाठवायचं नाही. रोजे सुरू झाले. पहाटे सहरी खाऊन सगळे पुन्हा झोपायचे, मी पाच पत्रं पुरी करायचे. तीन आठवडे कुणी उत्तर दिलं नाही. रडू यायचं, खोटं कशाला सांगू, पण पाचाची चार पत्रं मी एकाही दिवशी होऊ दिली नाहीत.

मग एकाचं उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्याच्या वडिलांचा फोटो होता, होडीवर उभे, एका हातात दोर. पाणी लागून फोटोवर डाग पडले होते आणि चेहऱ्याची डावी बाजू बुरशीनं पार नेली होती. माझ्याआधी दोघांनी केलेलं काम त्यानं परत पाठवलं होतं. मला लिहिलं, चेहरा पूर्ण करून हवा.

हल्ली ते एका बटणाचं काम आहे. मी बटण दाबलं आणि चेहरा आला, स्वच्छ, दोन्ही डोळ्यांचा, कुणालाही आवडेल असा. पाठवून दिला असता तर माझी पहिली खरी ऑर्डर त्याच दिवशी पुरी झाली असती. मला अम्मीच्या वडिलांचा, नानांचा फोटो आठवला. सगळ्यात आधी मी तोच दुरुस्त केला होता, याच बटणानं. अम्मी "छान झालाय" म्हणाली, फ्रेम करून भिंतीवर लावला. आठवड्यानं पाहते तर भिंतीवर जुना, बुरशीचा फोटो परत आलेला आणि माझा कपाटात चादरींखाली. विचारलं तर अम्मी ओशाळली. "चांगला मानूस दिसतो तो," म्हणाली. "पण कोण हाय, मला ठावं न्हाय."

मी तो चेहरा पुसला आणि त्या माणसाला लिहिलं. डावी बाजू फोटोत उरलेलीच नाही. वडिलांचा दुसरा एखादा फोटो असेल तर पाठवा, त्यावरून प्रयत्न करीन. नसेल तर जे आहे ते स्वच्छ करीन, पण जे नाही ते मनानं बनवणार नाही. पाठवलं आणि लगेच वाटलं, हातातलं काम मीच घालवलं. तीन दिवस तिकडून शब्द नाही. त्या तीन दिवसांत उरणच्या भावाचा एक मेसेज येऊन गेला, जागेचं काय ठरलं म्हणून. मी उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी त्या माणसानं लिहिलं, दुसरा फोटो नाही, आहे तेवढं करा.

पाच दिवस सांगितले होते, आठ लागले. डाग एकेक करून काढले. त्यांच्याखालून शर्टाचं बटण निघालं, बोटं निघाली, कपाळावरची आठी निघाली. दोराचा मधला वीतभर भाग मात्र बसेना. दोन्ही बाजूंना दोर दिसत होता, पण मधे मी काही केलं तरी तो दोरासारखा दिसत नव्हता. शेवटी अब्बांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनपाशी वाकले आणि क्षणात म्हणाले, "पीळ उलटा घातलास. तीन पदरी दोर हाय, उजवीकडं जातो." तसा फिरवला आणि बसला. ते तिथंच थोडा वेळ उभे राहिले, त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत.

दोन दिवसांनी रिव्ह्यू आला. पाचपैकी तीन स्टार. लिहिलं होतं, 'काम वेळेत मिळालं नाही. चेहरा अर्धाच आहे. पण हे माझेच वडील आहेत.'

मी ते किती वेळा वाचलं, सांगत नाही. तासाभरात दोह्याहून मामूंचा फोन, माझं पान ते रोज उघडून बघायचे. "तीन? कोण हाय हा? थांब तू, इकडं माझ्याबरोबर काम करणारे धा जण हायत, सगळ्यांची वायफाय वेगळी. आताच सांगतो."

"मामू, हात लावायचा न्हाय. एकानंही." मामूंशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. मग "बरं" म्हणाले, आणि रोजा कसा चाललाय ते विचारलं.

अब्बा इफ्तारीच्या थोडं आधी दुकानातून आले. मी त्यांना रिव्ह्यू मराठीत वाचून दाखवला, उशीर आणि अर्धा चेहरा यातलं काही न गाळता.

"आपल्या वळखीचा हाय?"

"न्हाय."

"कुणाच्या वळखीचा?"

"कुणाच्याच न्हाय, अब्बा."

त्यांनी मान हलवली. अम्मी खजूर मांडत होती. ईदला अजून आठ दिवस होते. अब्बांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नाव शोधलं आणि उरणला लावला. सलाम झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग म्हणाले, "ती जागा तू दुसऱ्या कुणाला देऊन टाक. न्हाय रे, नाराज कशाला व्हायाचं. तिचं दुकान उघडलंय."