ओवेसचं खलास

मी तशी भोचकच. मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत ओवेस परकार गोलकीपरचे हातमोजे धुताना दिसला, आणि मला राहवेना. तिशी उलटलेला, स्टोअरकीपरची नोकरी करणारा माणूस आणि हे मोजे कसले? विचारलंच.

शहाण्णव साली तो दापोलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. मस्कतच्या एका कंपनीला आपल्या फुटबॉल टीमसाठी गोलकीपर हवा होता. दिवसा नोकरी, संध्याकाळी खेळ, पगार दोन्हीचा. तिथेच कामाला असलेल्या जाफरमामूने भाच्याचं नाव सुचवलं. वडील म्हणाले, आधी पदवी घे. हा विमानात बसला.

अल् घुब्राच्या खडीच्या मैदानावर चाचणी झाली. याने पेनल्टी अडवल्या. ओमानी कोच जवळ आला, पाठीवर थाप मारून "खलास!" म्हणाला आणि चालता झाला.

आपल्याकडे खलास म्हणजे मेलाच की! ओवेसने खोलीवर येऊन बॅग भरली आणि रडत बसला. संध्याकाळी मामू कोचने दिलेली जर्सी घेऊन आला. "अरे येड्या, इथं खलास म्हणजे ठरलं, पक्कं झालं!"

मी पोट धरून हसले. मग तोंडातून गेलंच, "पण कॉलेज सोडलंस, ते बरं केलंस का रे?"

त्याने मोजे पिळून दोरीवर टाकले. "शीलाताई, खलास."

कुठलं खलास, आपलं की अरबांचं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.