शाल, श्रीफळ आणि बोटीची रांग

मला फक्त रांगेत उभं राहायचं नव्हतं. एवढं एक वाक्य समोरच्याला समजावून सांगण्यात माझा आख्खा उन्हाळा गेला.

मी फौजेतून निवृत्त झालो, शिरूरला घर केलं आणि कारेगावजवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. गेटवर रोज शिफ्ट बदलताना शेकडो माणसं माझ्यासमोरून जातात. तिथं मला काही होत नाही. कारण गर्दी समोर असते आणि पाठीला भिंत असते. पण दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढं माणूस, मागं माणूस आणि मधे मी, असं झालं की हातांना घाम सुटतो, कान बंद होतात, आणि त्यानंतर मी काय करीन याची मला स्वतःला खात्री नसते. उत्तरेत असताना एका अरुंद पुलावर आमच्या गाड्या अडकल्या होत्या. पुढं गाडी, मागं गाडी, बाजूला कठडे. पुढची गाडी उडाली. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कागदावर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार, असं लिहून दिलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागते. रांग लहान होत नाही.

याचा भुर्दंड मुलीनं भरला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा नाच सुरू असताना मी उठून बाहेर गेलो. चर्चमध्ये आम्ही कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो, त्यामुळे तिच्या मैत्रिणी पुढं आणि ती मागं. लग्नकार्यात आम्ही आहेर देतो आणि पंगतीआधीच निघतो. बायको म्हणते, "अहो, तिला सवय झालीय." हे वाक्य ती मला धीर देण्यासाठी म्हणते. मला ते चाबकासारखं लागतं. बापाच्या आजाराची सवय मुलीनं का करून घ्यायची?

दहावी झाल्यावर मुलीनं एकच गोष्ट मागितली. दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक मोठं थीम पार्क झालंय. तिथं एक बोट आहे. ती उंच चढते, अंधाऱ्या गुहेतून जाते आणि धाडकन पाण्यात कोसळते. बोटीत दोघादोघांनी शेजारी बसायचं. वर्गातल्या सगळ्या मुली आपापल्या वडिलांबरोबर बसून आल्या होत्या. आधी ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही याल माझ्याबरोबर बोटीत?" आणि माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आत स्वतःच म्हणाली, "नाही तर असू दे. मी मामाबरोबर बसते. तुम्ही खाली थांबा."

मी म्हणालो, "मीच बसणार."

लोकांना वाटतं मला बोटीची भीती वाटत असेल. बोटीचं काहीच नाही. बसलं, पट्टा लावला, सुटली, संपली. प्रश्न बोटीपर्यंत पोचण्याचा होता.

मी पार्कच्या नंबरवर फोन केला. एका मुलीनं उचलला. मी सांगितलं की मला एक आजार आहे, कठड्यांच्या रांगेत थांबता येत नाही, तर मी बाहेर मोकळ्यावर थांबून माझी पाळी आल्यावर येऊ शकतो का?

"सर, दिव्यांगांसाठी आपल्याकडे व्हीलचेअर आहे."

"मला चालता येतं."

"मग अडचण काय आहे, सर?"

"उभं राहता येत नाही. म्हणजे उभं राहता येतं, पण रांगेत नाही."

ती म्हणाली, "सर, तुम्ही बसून घ्या ना मग व्हीलचेअरमध्ये."

फोनवर जमेना म्हणून सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून पार्कमध्ये गेलो. मॅनेजर तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. मी हॉस्पिटलचा कागद पुढं केला. त्यानं तो उलटा सुलटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. हात बघितले, पाय बघितले.

"सर, यात दिव्यांगत्वाचे टक्के कुठे लिहिलेत?"

"या कागदावर टक्के नसतात. वेगळं सर्टिफिकेट काढावं लागतं, ते जिल्ह्याच्या दवाखान्यात चालू आहे. दोनदा जाऊन आलो. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद होतं."

"नाही, मी समजू शकतो. पण रांगेतल्या लोकांनी मला विचारलं, हा माणूस धडधाकट दिसतोय, याला का सोडलं, तर मी काय सांगू? आणि सर, तुम्ही तर फौजी! तुम्हाला कसली भीती? तुमच्या जिवावर आम्ही झोपतो."

ते झोपतात, मी झोपत नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. तो पुन्हा व्हीलचेअरवर आला. "आमच्या सिस्टीममध्ये तेवढंच बसतं, सर."

खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीचा मी विचार केला. परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापर्यंत तोच विचार केला. बसायचं, गुडघ्यावर चादर घ्यायची, मुलगी ढकलेल, काम होईल. मग माझ्या पलटणीतला एक जण आठवला. त्याला खरोखर पाय नाहीत आणि तो खुर्चीत बसायला अजून तयार होत नाही. मला माझीच किळस आली.

शेवटी बायकोच्या भावाला सांगितलं. तो दौंडला असतो, सिमेंट-स्टीलचा धंदा करतो, आणि निम्म्या तालुक्यात त्याची ओळख आहे. ऐकून तो हसायलाच लागला.

"दाजी, तुम्ही सरळ रस्त्यानं जाता, तिथंच चुकतंय. अर्ज करून कवा काम झालंय का आपल्याकडं? पार्कच्या मालकाला माल कुणी दिलाय? म्या. तुम्ही आता काय बोलू नका. तुम्हाला लायनीत उभं राहायचं न्हाई ना? इषय संपला."

"पण त्याला कारण सांग नीट."

"काय कारण?"

इथं मी मार खाल्ला. त्याला मी म्हणालो, "गर्दीत जरा त्रास होतो." एवढंच. आजाराचं नाव घेतलं नाही. मॅनेजर परका होता, त्याच्यासमोर कागद ठेवता आला. मेव्हणा घरचा. आमच्याकडे डोक्याच्या डॉक्टरचं नाव घेतलं की ते सोयऱ्यांत फिरतं, आणि चार वर्षांनी मुलीला स्थळ बघताना परत समोर येतं. मुलीच्या भल्यासाठी मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मेव्हण्यासमोर मला फौजीच राहायचं होतं.

ठरल्या रविवारी उपासना चुकवून आम्ही निघालो. मी, बायको, मुलगी. मेव्हणा पार्कच्या दारातच उभा होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्याचा चेहरा फुलला होता. एवढा खूश माणूस काहीतरी करून बसलेला असतो.

दारावर कमान लावली होती. कमानीवर बॅनर, बॅनरवर माझा वर्दीतला फोटो. तो फोटो बायकोनं दिला होता. भावानं तिला "जरा काम हाय" एवढंच सांगितलेलं. ढोल-ताशाचं पथक तयार. मॅनेजर हातात माइक घेऊन. "आज आपल्या पार्कचं भाग्य..." असं सुरू झालं. कुणीतरी मला शाल घातली, कुणी हातात नारळ दिला, कुणी फेटा बांधायला डोकं धरलं. चारी बाजूंनी माणसं आली, हातात मोबाइल. मला रांगेतून सुटायचं होतं. यांनी रांगच उचलून माझ्याभोवती गुंडाळली.

"दाजी, आता कोण उभं करतंय तुम्हाला लायनीत? डायरेक स्टेजवरनं बोटीत!" मेव्हणा माझ्या कानात ओरडला.

आणि तेव्हा मला एक माणूस वाकून जमिनीवर फटाक्यांची माळ पसरताना दिसला. मी "नको, नको" म्हणालो. ताशात कुणाला ऐकू जाणार? मॅनेजरला वाटलं मी संकोचानं नको म्हणतोय. सत्काराला आमच्याकडे सगळेच नको म्हणतात.

माळ पेटली, आणि त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा कॅन्टीनच्या मागं, पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसलो होतो. अंगावर शाल, फेटा गळ्यात सुटून पडलेला, आणि नारळ अजून हातात. तो मी इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवायला वेळ लागला.

मुलीनं मला शोधून काढलं. मला वाटलं ती रडेल. ती रागानं लाल झाली होती.

"पप्पा, मामाला काय सांगितलं होतं तुम्ही?"

"गर्दीत त्रास होतो म्हणून."

"एवढंच? मलापण एवढंच सांगता. पाहुण्यांना सांगता ॲसिडिटी आहे. चर्चमध्ये सांगता पाय दुखतोय. मग त्यांना कसं कळणार? ते फटाके लावणारच ना!"

"तुझ्यासाठीच गप्प बसतो गं. उद्या लोक..."

"माझ्यासाठी? मी कधी सांगितलं गप्प बसा म्हणून? मी डॉक्टरचा कागद आठवीत असतानाच वाचलाय. अर्थ पण शोधलाय. तुम्हीच तेवढे लपवताय, माझ्यापासून."

मी म्हणालो, "तू जा, मामाबरोबर बसून ये."

"मामाबरोबर बसायचं असतं तर केव्हाच बसले असते," ती म्हणाली. "उठा."

बाहेर आलो तर मॅनेजर धावत आला. घाबरला होता. "सर, फटाके जास्त मोठे होते का? आम्ही खास तुमच्यासाठी मागवले होते." त्याच्या मागं मेव्हणा, तोंड पाडून. "दाजी, मला वाटलं मान मिळाला की बरं वाटंल." त्याच्यावर काय चिडणार? त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं होतं नव्हतं ते सगळं केलं होतं. आमच्या भागात माणसाला हार घालता येतो, स्टेजवर चढवता येतं, खुर्चीत बसवता येतं. झाडाखाली एकटं थांबू देणं तेवढं कुणाला जमत नाही.

मुलगी बोटीच्या रांगेपाशी गेली. तिथल्या गार्डला म्हणाली, "काका, मी रांगेत उभी राहते. माझा नंबर आला की माझे पप्पा तिकडून, बाहेर पडायच्या दारातून येतील."

"तिकडनं आत सोडायची आर्डर न्हाई, ताई."

"मॅनेजर मागंच आहेत, विचारा."

मॅनेजरनं होकाराची मान हलवली. टक्के, सिस्टीम, सगळं एका मानेत उरकलं. मग हेच पहिल्या दिवशी का झालं नाही, हे विचारायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

ती कठड्यांच्या आत गेली. मी बाहेरच्या लिंबाखाली थांबलो. तिथून ती दिसत होती. रांग मुंगीसारखी सरकत होती. ती पुढं पोचली तसा मी दाराकडे निघालो, आणि रांगेतून एक जण ओरडला, "ओ पाहुणे, कुठं घुसताय? आम्ही काय येडे म्हणून उभं हाय का?"

दुसरा म्हणाला, "ते मघाचे व्हीआयपी हायेत. फेटेवाले."

"मग आमच्या पण बापाला आणतो की!"

मुलगी मागं वळली. आवाज अजिबात न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणा ना. माझ्या पप्पांना मानसिक आजार आहे. फौजेत झालेला. रांगेत कोंडलं की त्यांना त्रास होतो, म्हणून मी त्यांच्या वाटचं पण उभी आहे. तुमच्या वडलांना असं काही असेल तर त्यांना पण बाहेर थांबू द्या."

ज्या शब्दापासून मी तिला इतकी वर्षं वाचवत होतो, तो तिनं अनोळखी माणसांच्या रांगेत उभं राहून म्हटला. आभाळ कोसळलं नाही. ओरडणारा मान खाली घालून मोबाइल बघू लागला. कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, "येऊ द्या की त्यांला. एवढ्यात बोट चाललीय जणू पळून." दोघंतिघं हसले. गार्डनं साखळी काढली.

आम्ही शेजारी बसलो. पट्टा लागला. बोट चढली, गुहेतून गेली, कोसळली, आमच्या अंगावर पाणी उडालं. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळात सगळं आटोपलं. एवढ्यासाठी माझा उन्हाळा गेला, या विचारानं मला पुन्हा चीड आली. मुलगी मात्र भिजलेले केस मागं सारत हसत होती, आणि मी शेजारी आहे ना, हे मधून मधून वळून बघत होती.

उतरल्यावर तिनं मोठ्या पाळण्याकडे बोट दाखवलं. "तो?"

तिथली रांग बोटीच्या दुप्पट होती, कठडे तसेच, आणि गार्ड दुसरा. मॅनेजर जेवायला गेला होता. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. ती गार्डकडे निघाली. मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"तू नंबर धर," मी म्हणालो. "त्याला मी सांगतो."