पडद्याच्या मागून पाहिलेला घाट

माझ्या आत्यानं तरुणपणातले सगळे पिक्चर उलटे पाहिले.

आज पहाटे ती गेली. जानेफळची सुमनआत्या. अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवणारी.

उलटे म्हणजे अगदी खरोखर उलटे.
तेव्हा गावात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. पडदा मधोमध. प्रोजेक्टरच्या बाजूला माणसं बसायची, पडद्याच्या मागच्या बाजूला बाया. कापडातून चित्र पलीकडे स्पष्ट दिसायचं, फक्त डावं ते उजवं व्हायचं.

कोणाला काही वाटायचं नाही. कायमच तसं होतं ना.

माझी आई म्हणजे तिची वहिनी. या दोघी नणंद-भावजय कमी, मैत्रिणीच जास्त. आई स्वयंपाक उरकून पुढं जायची आणि पोतं अंथरून जागा धरायची. आत्या मागून फुटाणे घेऊन यायची.

एका पिक्चरमध्ये हिरोईनच्या उजव्या बाहीवर कापडाचं फूल होतं. आत्यानं घरी येऊन तसाच ब्लाऊज शिवला, फूल डाव्या बाहीवर. ते पदराखाली झाकलं जायचं. गावातल्या बायांनी तरी रांग लावून तसेच शिवून घेतले. सगळ्यांनी पिक्चर एकाच बाजूनं पाहिलेला, तक्रार करणार कोण?

त्याच पिक्चरमध्ये नदीचा घाट होता. हिरोईन दगडी पायऱ्या उतरते आणि पाण्यात पाय सोडून बसते, बस्स एवढाच सीन.
(नाव लिहीत नाही. कमेंटमध्ये भांडणं लागतात.)

आई म्हणाली होती, "सुमन, आपून दोघी एक दिवस तिथं जाऊ. अशाच पाय सोडून बसू."

जाणं काही झालं नाही. आई गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या वर्षी आत्याचं हार्ट फारच कमजोर झालं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून बजावलं. तिनं मला घरी बोलावलं.
"मले तो घाट पाह्याचा हाये. वयनीचं राह्यलं, माह्यं नाई राह्यलं पाह्यजे."

मी मेहकरला मेडिकल चालवतो. हार्टच्या पेशंटला असं नेऊ नये, हे मला कळतं. तरी नेलं. यूट्यूबवर पिक्चर शोधला, लोकेशन शोधलं, वाईजवळ कृष्णेचा घाट निघाला. वाटेत भोर पाहिलं, शूटिंगचं एक देऊळ पाहिलं. आत्या खूश.
"आपल्या लोणारले काऊन नाई येत रे हे पिक्चरवाले? एवढं मोठं सरोवर हाये आपलं."
मी म्हटलं, "तू सांग त्यांना."
"नंबर दे मंग."

घाटावर पोचलो. तिचा हात धरून हळूहळू खाली आणली.
ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे नाई."

"आत्या, हेच आहे. बोर्ड बघ."

"देऊळ डाव्या हाताले व्हतं. झाड उजव्या हाताले. हे सारं भलतंच हाये."

मी मोबाईलवर सीन दाखवला. ऊन एवढं होतं की स्क्रीनवर काहीच दिसेना. एक फोटोवाला म्हणाला, "आजी, इथंच शूटिंग झालंय." आत्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

खालच्या पायरीवर बसली. पाणी पायाशीच होतं, पण चप्पल काढेना.

"दुसऱ्याच घाटात पाय सोडून वयनीले काय सांगू मी?"

आणि रडायला लागली. आईच्या मयतीलाही ती एवढी रडली नव्हती. एवढ्या लांब आणून मी तिला रडवलं होतं, आणि पुन्हा येणं होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पर्समधून छोटा आरसा काढला. चारचौघांत अवतार ठीक पाहिजे, हा तिचा नियमच होता. पाठ घाटाकडे होती. आरशात केस सारखे करता करता हात थांबला.

"ए बापू. इकडं ये. हे पाह्य."

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.
आरशात देऊळ डाव्या हाताला होतं. झाड उजव्या हाताला.

"हाव," ती म्हणाली. "हेच हाये. आमी मांगून पाह्यत व्हतो ना रे."

मग रडता रडता हसली. मीही.

चप्पल काढली. पाय पाण्यात सोडले.
"हा पाय माहा," ती म्हणाली, "अन् हा वयनीचा."

बराच वेळ बसलो. परतीच्या प्रवासात तिला त्रास झाला नाही. गाडीत फुटाणे खाल्ले, मलाही दिले.

सोबतचा फोटो त्याच दिवसाचा. मी मुद्दाम उलटा करून टाकलाय. पदर उजव्या खांद्यावर दिसतोय, कोणी दुरुस्त करायला सांगू नका. तिनं घाट असाच पाहिला होता.

आमच्या घरात मेल्यानंतरचं काही मानत नाहीत. आत्याही मानायची नाही.
आज मात्र मला मानावंसं वाटतंय.

आत्या, शेवटचा जय भीम.
घाट खरा होता, आईला सांग.
ती तुझ्या आधी गेलीय. पोतं अंथरून जागा धरलेली असेल.