पुतळीनं बांधलेली सोनसाखळी

पेणच्या खाडीकडच्या वस्तीत पुतळीला ओळखायचे ते तिच्या हातामुळे. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम ती लग्नाआधीपासून करायची. तिचा नवरा नाथा खलाशी होता. डोलवीच्या जेटीवर माल आणणाऱ्या ‘सोनसाखळी’ नावाच्या बार्जवर त्याची नोकरी. दिवाळीच्या सुमारास अवचित वादळ झालं आणि खाडीच्या मुखाबाहेर बार्ज उलटली. बाकीचे खलाशी फळ्या धरून कसेबसे वाचले. बार्ज तळाला गेली, नाथा सापडला नाही. देहच नव्हता, तेव्हा दर्भाची बाहुली करून तिलाच अग्नी दिला.

महिना उलटला नसेल. दुपारी जेवून पुतळी कारखान्यातच गोणपाटावर पडली होती. डोळा लागला तोच नाथा समोर उभा, अंगावरून पाणी निथळत. “चल, बार्ज दाखवतो,” म्हणाला. जिवंतपणी त्यानं तिला कधी बार्जवर नेलं नव्हतं. आता रोज दुपारी नेऊ लागला. डेक दाखवला, बार्ज चालवणाऱ्या तांडेलाची केबिन दाखवली, चुलीमागची काजळी धरलेली भिंतही दाखवली. फक्त मागच्या शिडीखाली एक दार होतं, तिथं आला की तो थांबायचा आणि परत फिरायचा.

पुतळीनं कारखान्याच्या मालकाकडं मागची रिकामी शेड मागितली आणि स्वप्नात दिसलेली बार्ज तिथं उभारायला घेतली. बांबूच्या फासळ्या उभ्या केल्या, प्लायवूड ठोकलं, वर काथ्या आणि प्लास्टर चढवलं. बार्ज एवढी वाढली की शेडची मागची भिंत काढावी लागली. केबिनमध्ये मोठं माणूस आडवं होईल एवढी जागा होती.

तिची जाऊ हौसा दारातच थबकली. “काय गो ह्ये, पुतळे? बुडालेलं कोन परत उभं करतं व्हय?”

“मी नाय करत. तो दाखवतो, मी लावते.”

हौसा त्यानंतर शेडमध्ये आली नाही. बाकीची माणसं मात्र येऊ लागली. शिफ्ट सुटली की डोलवीच्या जेटीवरची पोरं यायची, कोलाडकडून कुटुंबंच्या कुटुंबं यायची. कुंचल्यानं काढलेला गंज खरा समजून लोक नखानं खरवडून बघायचे, फोटो काढायचे. शिडीखाली मात्र दाराची नुसती चौकट होती आणि आत कोरी भिंत.

“इथं काय, ताई?” कुणी विचारायचं.

“ठाऊक नाय,” पुतळी म्हणायची.

पुतळीच्या बार्जची बातमी ‘सोनसाखळी’च्या जगन तांडेलाच्या कानावर गेली. त्या अपघातानंतर त्यानं दर्या सोडला होता आणि रोह्याला लेकीकडं राहायला गेला होता. तिथं कुंडलिका नदीच्या काठानंसुद्धा तो जात नसे. एका सकाळी तो आला. चपला बाहेर काढल्या, देवळात शिरावं तसा आत शिरला. कठड्यावरून हात फिरवत फिरवत मागच्या शिडीपाशी आला आणि वाकून बघू लागला. शिडीची खालची पायरी दोरीनं बांधलेली होती.

“ही पायरी शेवटच्या फेरीत मोडली. दोरी मीच बांधली. त्यानंतर बार्ज बंदराला लागलीच नाय. तुला कोनी सांगितलं, पुतळे?”

“त्यानं.”

जगन शिडीशीच खाली बसला. पुतळीनं कोऱ्या भिंतीवर हात ठेवला. “इथं तो परत फिरतो. काय होतं इथं, तांडेल?”

“पंपाची खोली,” जगन म्हणाला. “पानी शिरलं तवा पंप चालू करायला तो आत गेला. पान्याच्या जोरानं दार बसलं. आम्ही सगल्यांनी ओढलं गो, हाललं नाय. आतून वरडत होता, वर जा, वर जा. मंग आवाज थांबला.”

पुतळी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भिंत फोडून पंपाची खोली केली, पंप बसवला, दार लावलं. दुपारी दाराशीच आडवी झाली. गाढ झोप लागली, पण कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढं कधीच नाही. तिनं दार उखडलं, खोली परत लिंपून बुजवली, तरीही नाही.

“सुटला तो,” हौसा म्हणाली. “बरं झालं.”

“मला कुठं सुटायचं होतं?” पुतळी म्हणाली.

मूर्तींचा हंगाम आला. शेड मालकाला हवी होती, म्हणून बार्ज कारखान्याच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. पुतळी पुन्हा डोळे आखू लागली. अशात जगन परत आला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली.

“आता माझ्याकडं येतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दुपारचा.”

पुतळीनं रंगाची वाटी खाली ठेवली. त्याच्या मनगटाला धरून बार्जवर नेलं, डेकवर चटई टाकली. “नीज इथं.”

तो निजला. ती त्याच्या उशाशी बसून राहिली, श्वाससुद्धा जपून घेत. त्याच्या मिटल्या पापण्या हलत होत्या. एकदा तो कुणाकडं तरी बघून ओळखीचं हसला. पुतळीनं वाकून त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग रिकाम्या डेककडं.

जगन जागा झाला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “तो ओला होता?”

“नाय गो. कोरडा ठाक.”

पुतळीनं मान हलवली आणि ती कामावर गेली.