पाटोद्याच्या विहिरीतला दात

फोटोतला दात काळा, चकचकीत होता. मधे टोकदार सुळका, त्याच्या दोन्ही बाजूंना बुटकी टोकं आणि सुळक्यावरून खाली उतरणाऱ्या बारीक उभ्या रेघा. पाटोद्याच्या शिवलिंगअप्पांनी तो पाठवला होता. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यांचं तिथं बी-बियाणांचं दुकान. ओळखीतल्या एका बाईंच्या विहिरीत निघालाय, कशाचा असेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी आयुष्यभर माशांचे दगड झालेले दात बघत आलेय. लगेच कळवलं, "फार मौल्यवान आहे. जपून ठेवा, मी येते." पण मधे गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि निघायला दिवाळी उलटली.

पुण्याहून जाणार असाल तर नगर-जामखेडमार्गे एसटी घ्या, आधी बीडला जायची गरज नाही. जेवण नगरलाच उरकून घ्या. जामखेड सुटलं की दोन्ही बाजूंना बालाघाटाचे सपाट माथ्याचे डोंगर लागतात. थरावर थर, सगळा लाव्हा. मी खिडकीला नाक लावून बसले होते.

या लाव्ह्यात मासा कुठून येणार, असं वाटेल. पण दोन लाव्ह्यांच्या मधे बराच काळ शांत गेला, तिथं तळी साचली आणि त्यांचा पांढरट गाळ आजही थरांमधे सापडतो. फोटोतला दात शार्कसारख्या, पण आता नामशेष झालेल्या एखाद्या माशाचा वाटत होता. या माशांचा सांगाडा हाडांचा नसून मऊ कूर्चेचा, तो कुजून जातो. मागे उरतात ते मुख्यतः दात. बाजूची टोकं, रेघा आणि मुळाची छिद्रं पाहूनच नाव ठरवायचं. तो खरोखर त्या गाळातला ठरला असता, तर लाव्हा पुन्हा पसरायच्या आधी असे मासे इथं पोहत होते, हे दाखवता आलं असतं.

अप्पा स्टँडवर न्यायला आले होते. घरी गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. हात धुतल्यावर त्यांनी सुनेला, रेणुकाला, हाक मारली. तिनं गळ्यातली साखळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

चांदीच्या कोंदणात काळा, गुळगुळीत थेंब.

"सोनाराकडून करून घेतलं," अप्पा कौतुकानं म्हणाले. "तुमी म्हणलात ना, मौल्यवान हाय. डब्यात काहून ठेवायचं?"

मी भिंग लावलं. रेघा घासून गेल्या होत्या. कोंदणात बसावा म्हणून बाजूची टोकं आणि मूळ कापलं होतं.

"मॅडम, काय झालं?" अप्पांनी विचारलं.

खोटं बोलवेना. रेघा कशासाठी हव्या होत्या, मूळ काय सांगतं, सगळं सांगितलं. रेणुका म्हणाली, "काढून देऊ का परत?" मी साखळी तिच्या हातात दिली. आता काढून काही उपयोग नव्हता.

सकाळी आम्ही गावाबाहेर भागूबाईंच्या शेतावर गेलो. त्या मेंढ्या पाळतात, थोडी शेतीही आहे. दात त्यांनाच सापडला होता आणि त्यांनी तो अप्पांना दाखवायला नेला होता. विहिरीला पाणी लागलेलं, वरपर्यंत सिमेंटच्या कड्या, आतले थर दिसायची सोयच नाही.

"पांढरी माती लागली व्हती का?" अप्पांनी विचारलं.

"व्हती की. लई मऊ. त्यातच व्हता त्यो."

"ती माती कुठाय?"

"रस्त्यावर टाकली. पावसात चिखल व्हायचा ना."

त्या रस्त्यावर आम्ही तिघं दुपारपर्यंत वाकून फिरलो. ट्रॅक्टरनं दाबलेली, धुळीत मिसळलेली माती. गोगलगाईंचे दगड झालेले शंख मिळाले, दात एकही नाही. मधेच भागूबाईंनी विचारलं, "मासा केवढा आसंल, बाई?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "मूळ असतं तर अंदाज केला असता."

अप्पांनी मान खाली घातली. ते वाक्य मी बोलायला नको होतं.

परतताना मुद्दाम बीडवरून आले, वाटेत लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेतलं. देवळाच्या पायरीवर बसले तेव्हा गुडघा ठणकत होता. ऑपरेशन पुढे ढकललं असतं तर, हा विचार पुण्यापर्यंत सुटला नाही.

घरी आल्यावर तो फोटो मोठा करून कितीदा पाहिला. तीन नावं सुचतात, तिन्हींना तो शोभतो. पण नुसत्या फोटोवर नाव देता येत नाही. शंख टेबलावर आहेत. तसे शंख इतर ठिकाणीही मिळतात.

गेल्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. लग्नकार्यात रेणुकाच्या गळ्यातलं बघून लोक विचारतात, कोणता मासा?

"काय सांगू, मॅडम?"

"शार्कसारखा होता, एवढं सांगा. नाव कळलं नाही म्हणा."

"मग खरंच सांगतो," ते म्हणाले. "नाव व्हतं, आमच्या हातानं घासल्या गेलं."